कॉटर म्हणजे पाचरच : आबांच्या सायकलची मोडलेली पिन



चार दिवस झड लागलीय. सोयाबीन वर आलंय, पण रानात पाय ठेवला तर चिखल गुडघ्याला. आज उघडलं तरी वाफसा यायला दोन दिवस जातील. असे दिवस आले की छपरातली राहिलेली कामं निघतात. यंदा निघाली ती आबांची सायकल.

निमित्त शेजारच्या पोराचं. त्यानं बैलजोडी गेल्या वर्षी विकली आणि तण काही बैल विकल्याचं ऐकत नाही. परवा आला आणि म्हणाला, "भाऊ, आबांची सायकल पडूनच हाय न्हवं? पुढचं चाक, चिमटा नि हँडल द्या की, कोळपं करून घेतो."

सायकल कोळपं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वापरलंय. पुढं सायकलचं चाक, मागं पास, दोन्ही हातांनी ढकलत चालायचं. एकटा माणूस बैलाशिवाय कोळपणी करतो. मागणी काही वावगी नव्हती. पण सायकल आबांची. दुधाच्या किटल्या लावून त्यांनी ती वीस-बावीस वर्षं डेअरीला नेली. मी तिच्यावरच मधून पाय घालून हाफ पायडल शिकलो. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस थांब. चालती झाली तर देणार नाही. नाही झाली तर चाक कशाला, सगळीच घेऊन जा."

दुखणं एकच होतं. डाव्या क्रँकला खेळ आला होता. पायडल खाली गेलं की 'टक्', वर आलं की 'टक्'. ज्यांनी जुनी सायकल चालवलीय त्यांना हा आवाज पाठ असणार. क्रँक आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन झिजली की तो येतो. नवी पिन पाच मिनिटांचं काम, असं समजून मी नटाला पाना लावला. नट अर्धा फेरा फिरला, जरा मऊ लागला आणि पिनेचं आट्यांचं टोक घेऊनच हातात आला. उरलेली पिन क्रँकच्या पोटात, कडेशी बरोबर सपाट. धरायला काही नाही, ठोकायला काही नाही.

दोष पिनेचा नव्हता, माझा होता. आठ-दहा वर्षांपूर्वी हाच खेळ घालवायला मी लांब दांड्याच्या पान्यानं नट करकचून आवळला होता. त्या दिवशी आटे ताणले गेले, मोडले मात्र आता. आवळणं का चुकलं ते समजायचं तर ही पिन आली कुठून ते बघायला पाहिजे. पाऊस पडतोच आहे, तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कॉटर हा बोल्ट नाही. दिसते बोल्टसारखी, टोकाला आटे असतात, नट असतो, पण ती पाचर आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तीच पाचर, फक्त पोलादाची आणि गोल. तिच्या एका अंगाला उतरता सपाट काप असतो. आसाला तशीच एक सपाट खाच असते. क्रँकच्या भोकातून पिन आत गेली की तिचा काप त्या खाचेवर चढत जातो आणि आस, पिन, क्रँक तिन्ही एकमेकांत दाबून बसतात. दाबायचं काम हातोड्याचं. नटाचं काम एवढंच की बसलेली पाचर मागं सरकू नये. आपण काय करतो? पाचर नटानं ओढून बसवायला बघतो. कुऱ्हाडीची पाचर चिमटीनं ओढून कधी बसलीय का?

आता सायकलला पाचरच का, नुसते आटे का नाहीत? इतिहास इथं सुरू होतो.

सायकलचं मूळ जर्मनीतल्या मानहाइम शहरात. कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थानं १२ जून १८१७ ला दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. पायडल नाही, चेन नाही. मध्ये बसायचं आणि जमिनीला पाय मारत पळायचं. ही गाडी त्याच वर्षी का निघाली याचं काही इतिहासकार जे कारण मांडतात, ते शेतकऱ्याला लगेच पटेल. १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही. पिकं बुडाली, ओट महागला, घोडे पोसणं परवडेना. मग घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचा विचार डोक्यात येणारच. सगळेच इतिहासकार हे मानत नाहीत. पण पीक बुडालं की जनावर विकावं लागतं आणि मग माणूस चाकाकडे बघतो, हे मला मानहाइमला न जाता शेजारच्या पोराकडं बघून कळतंय.

पाय जमिनीवरून उचलले गेले ते १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. पुढच्या चाकाच्या आसालाच क्रँक आणि पायडल जोडले. हे पहिलं कुणी केलं यावर आजही वाद आहे. एक नाव पिएर मिशो या लोहाराचं, जो घोडागाड्यांचं लोखंडी सामान बनवायचा. दुसरं पिएर लालमाँ या गाडीकाम करणाऱ्या पोराचं. लालमाँ अमेरिकेत गेला आणि २० नोव्हेंबर १८६६ ला त्यानं जेम्स कॅरोल या भागीदाराबरोबर तिथं पेटंट घेतलं. पैसा मात्र मिशोच्या नावावर चाललेल्या धंद्यानं कमावला. लोहार आणि कारागिराच्या भांडणात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सायकलचा पहिला क्रँक गाडीसामान बनवणाऱ्यांच्या हातून आला.

१८६८ च्या सुमाराला ही पायडलची गाडी पॅरिसहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला पोचली. तिथं शिलाई मशीन बनवणारा एक कारखाना होता. त्यानं १८६९ मध्ये नाव बदलून सायकली करायला घेतल्या. शिलाई मशीनवाल्यांना बारीक, मापात बसणारं लोखंडकाम येत होतं. सायकल लोहाराच्या भट्टीतून मशीनच्या कारखान्यात आली ती इथं. मग पुढचं चाक मोठं मोठं होत गेलं. चेन नव्हती, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे जोरात जायचं तर चाकच मोठं हवं. माणूस पाच फूट उंचीवर बसायचा आणि दगड आला की तोंडावर पडायचा.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्याच जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मध्ये, मागच्या चाकाला चेन. आज आपण सायकल म्हणतो ती हीच. चेनही पाच वर्षांपूर्वीच सुधारली होती. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं १८८० मध्ये बुशवर फिरणाऱ्या रोलरची चेन काढली. ऊस कारखान्यापासून मोटरसायकलपर्यंत सगळीकडे तिचीच पिढी आहे.

पण पायडल मध्ये आल्यावर नवी अडचण उभी राहिली. आता आस फ्रेमच्या पोटातून आरपार जातो आणि त्याच्या दोन टोकांना दोन क्रँक लावायचे. ते पक्के पाहिजेत आणि छर्ऱ्यांना ग्रीस द्यायचं झालं तर निघालेही पाहिजेत. जोर किती येतो बघा. माणूस धरा ६५ किलोचा. चढावर उभा राहून सगळं वजन एका पायडलवर टाकतो. क्रँक साधारण १६५ मिलिमीटर लांब, आस साधारण १६ जाडीचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ८. पहारीचाच हिशेब आहे हा. १६५ भागिले ८, म्हणजे वीस पट. ६५ किलोचे आसाच्या कडेला १३०० किलो होतात. दर फेऱ्याला, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. त्यात मागं दुधाच्या किटल्या.

एवढ्या जोराला नुसते आटे टिकत नाहीत. शिवाय क्रँकवर जोर कधी पुढून, कधी उलटा. आटे एका बाजूला आवळतात, दुसऱ्या बाजूला सुटतात. डाव्या पायडलचे आटे उलटे का असतात, हे ज्यानं एकदा चुकीच्या बाजूनं जोर लावलाय त्याला विचारा. पायडलला उलट्या आट्यांनी भागलं, कारण पायडल क्रँकवर मोकळं फिरतं. क्रँक मात्र आसावर तसूभरही फिरून चालत नाही.

उत्तर वाफेच्या इंजिनात तयार होतं. इंजिनाचे दांडे जोडायला, झिजले की परत घट्ट करायला पाचर वापरत, तिलाच कॉटर म्हणत. तीच बारीक करून सायकलला लावली. सेफ्टी सायकल रुळली तोवर कॉटरही रुळली आणि पुढं पाऊणशे वर्षांहून जास्त काळ टिकली. अमेरिकेत बऱ्याच सायकलींना दोन्ही क्रँक आणि आस एकाच सळईतून वाकवून केलेले असत, तिथं पिनेची भानगडच नाही. पण तो क्रँक वाकला तर सगळाच बदला. आपल्याकडे आली ती इंग्लंडची पद्धत.

ती आणणाऱ्यात एक नाव आपल्या भागाचं आहे आणि ते फार थोड्यांना सायकलशी जोडता येतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर १८८० च्या दशकात एका छोट्या दुकानात सायकली बनायला लागल्या, तीच पुढची रॅले कंपनी. त्याच दशकात, १८८८ मध्ये, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. होय, किर्लोस्कर. इंजिन आणि पंपवाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, पुढं नोकरी सोडून ते बेळगावात आले. सायकल विकता आणि दुरुस्त करता करता त्यांनी कडबाकुट्टीचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून सुरुवातीला लोक नांगर घ्यायला तयार नव्हते, असं सांगतात. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या गावापासून ती काही लांब नाही. माझ्या पणज्यानं त्यांचा नांगर वापरला, त्याचा फाळ अजून गोठ्यात आहे. म्हणजे सायकलच्या दुकानातून नांगर निघाला. आता शेजारचा पोरगा सायकलचं कोळपं करायला निघालाय, त्यात नवल ते काय!

तरी त्या काळात सायकल म्हणजे साहेब, वकील आणि श्रीमंतांची चीज. बाहेरून यायची, महाग असायची. शेतकऱ्याच्या घरात ती आली स्वातंत्र्यानंतर, जेव्हा इथंच कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९४९ मध्ये मद्रासकडे टीआय सायकल्स स्थापन झाली, तिची हर्क्युलिस आपल्याकडे पुष्कळ आली. बंगालात आसनसोलला रॅलेशी भागीदारी करून सेन-रॅले, १९५१ मध्ये हरियाणातल्या सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो. हिरोचे मुंजाळ बंधू मूळचे आजच्या पाकिस्तानातल्या कमालियाचे. १९४४ मध्ये अमृतसरला आले, सायकलचे सुटे भाग विकत विकत लुधियान्यात पोचले. १९८६ मध्ये जगातला सगळ्यात मोठा सायकल कारखाना म्हणून गिनेसमध्ये त्यांचं नाव लागलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९८० मध्ये, हिंद सायकल्स आणि सेन-रॅले सरकारला कायदा करून ताब्यात घ्याव्या लागल्या होत्या आणि पुढं दोन्ही बंद पडल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी.

या सगळ्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं केली ती तीच काळी, उंच, २८ इंची चाकाची सायकल. आणि तिला तीच कॉटर. शहाणे लोक याला मागासपणा म्हणतात. माझं मत वेगळं आहे. कॉटरला कारखान्यासारखं हत्यार लागत नाही. हातोडा, कानस, पाना. बाजारच्या गावात पिंपळाखाली बसणारा मिस्त्रीही ती बदलू शकतो. झिजायची ती पिन झिजते, कारण ती मऊ लोखंडाची आणि आस कडक केलेला. किटल्या, पेंड, उसाच्या वाढ्याचा भारा, मागं बायको, पुढं नळीवर पोर, एवढं ओझं काढून झिजला तर चार आण्यांचा तुकडा. सायकलचा बिल्ला नसला की नगरपालिकेचा माणूस अडवायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवायचे. कॉटरनं मात्र कधी वाटेत फारसं अडवलं नाही. टकटक करत घरी आणून सोडलं.

पण टकटक करत फार दिवस चालवायचं नाही, हे आबा बजावायचे. ढिल्या पिनेवर सायकल हाणली की पिन खाचेत आदळत राहते, आधी पिनेला पायरी पडते, मग क्रँकचं भोक लांबट होतं. भोक लांबट झालं की नवी पिन घातली तरी महिन्यात ढिली.

आता मूळ कामाकडे. मोडलेली पिन काढताना मी काय केलं ते क्रमानं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पिनेच्या दोन्ही तोंडाला तारेच्या ब्रशनं घासून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडलं. रात्रीत दोनदा. गंजाला घाई चालत नाही.

सकाळी आधार तयार केला. सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. क्रँकवर वरून घाव घातला आणि खाली आधार नसला, तर घाव पिनेला लागतच नाही. तो आसातून छर्ऱ्यांवर जातो आणि वाट्यांना खड्डे पडतात. पिन निघते पण सायकल पुढं आयुष्यभर करकरते. मी बोअरच्या पाइपचा जाड तुकडा बरोबर मापात कापला आणि फरशीवर उभा करून क्रँकच्या भोकाखाली असा टेकवला की पिनेचं जाड डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल. सायकलचं वजन त्या पाइपवर. आता घाव पिनेतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत.

पंच घेऊन दोन दणके दिले. हलली नाही. इथं मोह होतो तो टिकटिक ठोकत बसायचा. तसं केलं की मऊ पिनेचं तोंड फुलतं आणि ती भोकात आणखी फसते. मारायचा तर एकच, जड हातोड्याचा, नेमका. आणि नट शाबूत असेल तर तो काढून नाही टाकायचा. आट्यांच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करायचा आणि त्याच्यावर मारायचं, म्हणजे आटे वाचतात. माझ्याकडे तो मार्ग उरला नव्हता.

मग ड्रिल. मोडलेलं तोंड कानशीनं सपाट केलं. पंचनं खूण केली ती बरोबर मध्यावर नाही, आसापासून जरा बाहेरच्या अंगाला. कारण पिनेचा काप आसाच्या बाजूला असतो, बारीक टोकाकडे त्या बाजूला लोखंडच कमी. मध्यावर धरलं तर ड्रिल कापातून निसटून कडक आसावर घसरतं, बिट मोडतं आणि आत दुसरा तुकडा अडकतो. आधी ३ मिलिमीटरचं बिट, मग ५ चं. फेरे कमी, तेलाचा थेंब, मधून मधून बाहेर काढून कीस झाडायचा. मुलानं विचारलं, ग्राइंडरनं क्रँकच कापून टाकू का? गावातला कुठलाही वेल्डर हेच सांगेल. पण कापताना पातं आसाला लागलं की आसही गेला, आणि असा आस आता बाजारात सहज मिळत नाही.

पिन आतून पोकळ झाली की तिचा बाहेरचा दाब कमी होतो. मग क्रँकच्या डोळ्याभोवती गॅसची शेगडी दोन मिनिटं फिरवली, डिझेल आधी पुसून घेऊन. लोखंड तापून फुगलं तेवढ्यात पंच ठेवून एक घाव. आवाज बदलला. आधी 'ठण्ण' यायचा, आता 'थप्प'. दुसऱ्या घावाला पिन पाइपात पडली. हातात घेऊन बघितली तर बोटाच्या दोन पेरांएवढी, मधोमध पायरी पडलेली. आसाची खाच मात्र सपाट, स्वच्छ. नखाला कुठं अडकत नव्हती.

ज्यांच्याकडे नव्या पद्धतीची सायकल आहे त्यांच्यासाठी थोडं. तिला पिन नसते. आसाचं टोक चौकोनी आणि निमुळतं, क्रँकला तसंच चौकोनी भोक, आणि मध्ये आसाच्या पोटात जाणारा एक बोल्ट. ही पद्धत फ्रान्समधल्या सेंत एतिएनच्या स्ट्राँगलाइट कंपनीनं १९३३ मध्ये अल्युमिनियमच्या क्रँकसाठी आणली. नीट बघितलं तर तीही पाचरच, फक्त आता आसाचं टोकच पाचर झालं. इथं बोल्टच क्रँक चढवतो, त्यामुळे तो आवळून घट्ट हवा. ढिला ठेवून चालवली तर मऊ अल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग क्रँक फेकूनच द्यावा लागतो. या सायकलचा बोल्ट डोक्याशी मोडला तर घाबरू नका. डोकं तुटलं की ताण सुटतो, आतला तुकडा बहुतेक वेळा सैलच असतो. टोकदार पंच कडेला तिरका ठेवून सुटायच्या दिशेनं हलके टोले दिले तर तो फिरत बाहेर येतो. नाही आला तरच मध्यावर खूण करून ड्रिल.

नवी पिन शोधणं हे खरं दिव्य झालं. तालुक्याच्या तीन दुकानांत 'काका, कॉटर आता कोण ठेवतं' म्हणाले. चौथ्याकडे धुळीच्या डब्यात चार निघाल्या. जुनी सोबत नेली होती ते बरं झालं, कारण पिना ९ च्या पण असतात आणि साडेनऊच्या पण. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, भोकाला कळतो. रॅलेच्या जुन्या सायकलींचं तर आणखी वेगळं. बाकी इंग्लिश सायकलींच्या आसाच्या वाट्यांना इंचाला २४ आटे आणि रॅलेला २६. एकमेकांत बसत नाहीत, जबरदस्तीनं बसवल्या तर फ्रेमचे आटे जातात.

पिन आणली म्हणजे झालं असं नाही. नवी पिन तशीच ठोकली तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत, एक जरा पुढं राहतं आणि चालवताना लंगडल्यासारखं होतं. म्हणून काप कानशीनं थोडा थोडा उतरवत, घालून बघत, परत काढत बसवायची. काप सपाटच राहिला पाहिजे, गोलाई आली की धरत नाही. आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट घालायच्या. पायडल आडवे धरले तर एका बाजूचा नट वर, दुसऱ्या बाजूचा खाली. माझे चार हेलपाटे झाले, पाचव्याला रेषेत आलं. मग पाइपाचा आधार देऊन एक जड घाव, आणि नट साध्या पान्यानं, मनगटाच्या जोरानं. त्याच्यापुढं नाही.

संध्याकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा फाट्यापर्यंत जाऊन आलो. टकटक नाही. चेन सुकलीय, मागचा ब्रेक नावाला, सीटची स्प्रिंग ओरडते. पण क्रँक गप्प.

परत आलो तर शेजारचा पोरगा बांधावर उभा. सायकल चालती बघून काही बोलला नाही, नुसता हसला. त्याच्या रानात हराळी आणि लव्हाळा काय वाढलाय ते मला दिसत होतं. म्हटलं, "मंगळवारी बाजार हाय. भंगारवाल्याकडं २८ ची चाकं पडलेली मी बघितलीत. जाऊन घिऊन येऊ."

म्हणाला, "कशावर आणायचं?"

म्हटलं, "हिच्यावरच की. जाताना डबलसीट, येताना चाक तू मागं धरून बसायचं."

बाजार सात किलोमीटर आहे. जाऊन-येऊन चौदा झाले की डावी कॉटर परत एकदा ठोकून नट आवळायचाय, नवी पिन पहिल्या काही फेऱ्यांत थोडी बसतेच. आणि तोवर वाफसा आला तर कोळपणी आधी.